बगळेगडाला निघालेली कुमक

"मेले?" डोरीननं विचारलं.

"सगळे," लायनेल म्हणाला.

"बरं. अंडं गार होतंय."

लायनेल क्रॅबट्रीनं अंड्याकडे पाहिलं नाही. सकाळच्या टपालानं आलेला कागद त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचला. सरकारी पत्र पुन्हा वाचलं की कधीकधी अर्थ बदलतो, तसा हाही बदलेल, अशी त्याला आशा होती. बदलला नाही. तेहेतीस हजार बुटके, प्रत्येकाच्या हातात कुऱ्हाड, अंगात चिलखत, पाठीशी सहा महिन्यांचं खारवलेलं मांस. तुमचं उरलेलं बळ : शून्य.

"आणि मारले कुणी?"

"सांगाड्यांनी. चारशे होते."

डोरीनचा चहा ढवळणारा हात थांबला. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. चारशे आणि तेहेतीस हजार यांतला फरक तिला बटाट्यांच्या हिशेबात पक्का कळत होता. "तेहेतीस हजारांना चारशेंनी? आणि तेही सांगाड्यांनी? अरे, त्यांच्या अंगावर मांससुद्धा नसतं!"

"नसतं."

"मग तुझे बुटके काय करत होते? डबे खात बसले होते?"

"पुढे वाच," असं म्हणून लायनेलनं कागद तिच्यासमोर सरकवला. लढाईनंतर शत्रूचं बळ : नऊ हजार चारशे. आणि त्याखाली यंत्रानं स्वतःच्या मनानं जुळवलेलं वाक्य होतं : 'राजा ग्रुंबलच्या आगमनानं वेढ्याचं बळ वाढलं. बगळेगड पडला.'

राजा ग्रुंबल म्हणजे लायनेल. वय चव्वेचाळीस, मुक्काम वेकफील्ड, बहिणीच्या, म्हणजे डोरीनच्या, घरातली मागची खोली, नोकरी गालिच्यांच्या दुकानात. दुकानात त्याची ख्याती एवढीच होती, की गिऱ्हाईक पैसे काढायला लागलं की तो हळूच सांगायचा, "हा उन्हात विटतो बरं का." मालकानं त्याला काढून कसं टाकलं नव्हतं, हे गावातलं एक कोडं होतं.

'सात खिंडींचं राज्य' हा खेळ टपालानं चाले. दर तीन आठवड्यांनी साठेक राजे आपापले हुकूम एका कागदावर लिहून बर्मिंगहॅमला पाठवत. तिथं एड्रियन स्टॉब्स नावाचा तरुण पाहुण्यांच्या खोलीत ठेवलेल्या यंत्रात ते हुकूम घाली, यंत्र रात्रभर खडखडे, आणि कोण जगलं, कोण मेलं, कुणाच्या मेंढ्यांना रोग झाला, हे छापून परत येई. राजांमध्ये दोन पोस्टमन होते, एक पाद्री होता. तो चेटकिणींचा राजा होता आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. नियमांच्या पुस्तिकेवर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य होतं : छापलं ते घडलं.

तर छापलं होतं. आणि त्यामुळे बगळेगड पडला होता.

बगळेगड पाणथळीच्या राणीचा, आणि राणीचा गड पडला की राणी मेली, खेळातून बाद. पाणथळीची राणी म्हणजे वेल्समधल्या ब्रेकनची ऑल्वेन प्रॉसर, जी फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची. तिचं राज्य लहान, चिखलाचं, आणि सैन्यात निम्मे बेडूक. तीन वर्षं ती आणि लायनेल मित्रराष्ट्रं होती. दर पंधरवड्याला पत्र. पत्रात राजा आणि राणीच बोलत. 'माझ्या बेडकांकडून आपल्या बुटक्यांना सलाम' अशी सुरुवात आणि शेवटी 'चिखलात पाय रोवून, आपली.' या 'आपली'पाशी लायनेल दर वेळी थोडा थांबत असे. हिवाळ्यात सांगाड्यांनी तिच्या गडाला वेढा घातला, तेव्हा त्यानं लिहिलं होतं, 'मी येतो आहे.' आणि तो निघाला होता.

परवा, शनिवारी, बर्मिंगहॅमला खेळाडूंचा वार्षिक मेळावा होता. ती पहिल्यांदाच येणार होती. दोघं पहिल्यांदाच भेटणार होते. आणि हाच कागद या घटकेला ब्रेकनमध्येही कुणाच्या तरी अंड्याशेजारी पडला असणार.

"तिला वाटेल मी दगा दिला," लायनेल म्हणाला.

"दिलास का?"

"डोरीन!"

"विचारलं आपलं. नऊ हजार वाढले ना त्यांचे? कुठून तरी आलेच असतील." तिनं त्याचं अंडं आपल्या बशीत ओढलं. "फोन कर की बाईला."

'गाडीला उशीर झाला तर' म्हणून ऑल्वेननं शेवटच्या पत्रात नंबर दिला होता. लायनेलनं तो दिवाणखान्यातून उभ्यानं फिरवला. पलीकडे उचलला गेला.

"मी लायनेल."

पलीकडे मागे कुठेतरी कुत्रं भुंकलं.

"छान खेळलात," असं म्हणून ऑल्वेन प्रॉसरनं फोन ठेवला.

हे 'छान' कसलं होतं, यावर लायनेलनं पुढचे दोन दिवस घालवले. ते गोड नव्हतं, कडू नव्हतं. ते औषधासारखं होतं. चमच्यात बघून कळत नव्हतं. एड्रियनचा फोन सारखा व्यग्र लागत होता. दुकानात त्याचं लक्षच नव्हतं, त्यामुळे कोणता गालिचा विटतो हे गिऱ्हाइकांना सांगायचं राहून गेलं आणि शुक्रवारी दुपारपर्यंत त्यानं पाच गालिचे विकले. मालकानं त्याला चहा पाजला. "क्रॅबट्री, अखेर धंदा कळला गड्या तुला." लायनेलनं कप हातात घेतला आणि तो तसाच धरून दुकानात फेऱ्या मारल्या.

शनिवारी तो एका पबच्या वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात शिरला. दारात टेबलावर बसलेल्या बाईनं त्याच्या कोटाला 'राजा ग्रुंबल' असा बिल्ला टोचला. त्यानं आत पाऊल टाकलं आणि साठ माणसं उठून टाळ्या वाजवू लागली.

लायनेलनं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"अहो, तुम्हालाच!" एक लठ्ठ, गुळगुळीत दाढी केलेला माणूस हात पसरून आला. बिल्ल्यावर होतं 'अस्थिसम्राट'. हा रूपर्ट मॉल, लेस्टरचा दातांचा डॉक्टर. त्यानं लायनेलला छातीशी धरलं. त्याच्या अंगाला लवंगेच्या तेलाचा वास येत होता. "गडी आहात राव! तीन वर्षं तिची पत्रं, तिचे बेडूक, आणि ऐन वेळेला नऊ हजार आमच्याकडे! मला एका शब्दानं कल्पना नाही. सकाळी कागद उघडला आणि मी रोग्याच्या तोंडात हात घालून तसाच हसत सुटलो."

"मी तुम्हाला काही दिलेलं नाही," लायनेल म्हणाला.

"ऐकलंत?" मॉल सगळ्यांकडे वळला. "अजून कबूल नाही! याला म्हणतात कसलेला."

"खरंच सांगतो. मी तिला वाचवायला गेलो होतो."

हशा असा उसळला की खाली दारू पिणाऱ्यांनी छतावर काठी आपटली. चेटकिणींच्या राजानं, म्हणजे पाद्रीबुवांनी, डोळे पुसले. "मुला, इतकं निरागस तोंड मी उभ्या आयुष्यात फक्त एकाचं पाहिलंय, आणि त्यानं आमच्या देवळाची दानपेटी उचलली होती."

लायनेलला त्या दिवशी एक गोष्ट कळली. दगाबाज म्हणतो, मी दगा दिला नाही. ज्यानं दिला नाही, तोही तेच म्हणतो. दुसरं वाक्य भाषेत उपलब्ध नाही.

त्यानं ऑल्वेनला शोधलं. ती अजून आलेली नव्हती. एड्रियन स्टॉब्स मात्र होता. लायनेलला पाहताच तो सँडविचचं ताट उचलून स्वयंपाकघराकडे निघाला. ताटातलं अजून कुणी काही खाल्लेलं नसताना कुणी ताट आत नेत नाही. लायनेल त्याच्या मागे गेला.

बोळात दोघं समोरासमोर आले. एड्रियनच्या हातात अंड्याच्या सँडविचांचा डोंगर, त्यामुळे त्याला पळता येईना.

"मिस्टर क्रॅबट्री," तो कुजबुजला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"काल कळलं. रात्रभर बसलो होतो." त्यानं ताट कोळशाच्या पेटीवर ठेवलं. "यंत्रात प्रत्येक सैन्याला एक खण असतो. खणात बत्तीस हजार सातशे सदुसष्ट मावतात. त्यावर एक जरी घातला ना, की आकडा उलटतो. मोटारीचा मैल मोजायचा काटा कसा नवाच्या पुढे शून्यावर येतो, तसा. फक्त हा शून्यावर थांबत नाही. पार पलीकडे जातो."

"पलीकडे म्हणजे?"

"उणे." एड्रियननं ओठ चाटले. "म्हणजे तुम्ही तिथं नव्हता असं नाही. तुम्ही उणे होतात. तुम्ही शत्रूचे जेवढे मारले, तेही उणे झाले. आणि चारशेमधून उणे नऊ हजार वजा केले की... शाळेत शिकवतात."

लायनेलनं मनातल्या मनात केलं. मिळवले जातात.

"हे तू आधी बघून ठेवायला नको होतं?"

"कुणी एवढे एका जागी आणेल असं वाटलंच नव्हतं हो! चार वर्षं खेळ चाललाय. माणूस किती का जिवावर उदार होईना, थोडे घरी ठेवतोच. राजधानीत, खिंडीत, खजिन्यापाशी. सगळेच ठेवतात. तुम्ही तीनशे जरी घरी ठेवले असते, तर गड वाचला असता." त्याच्या आवाजात तक्रारच होती. "तुम्ही कुणालाच कसं मागे ठेवलं नाही?"

"तिथं बेडूक खायची वेळ आली होती," लायनेल म्हणाला.

"पण हे बाहेर सांगू नका. प्लीज. एकदा का कळलं की यंत्र चुकतं, तर प्रत्येक जण म्हणणार माझी दोन वर्षांपूर्वीची लढाई परत लढवा. पाद्रीबुवा तर पहिल्या फेरीपासून म्हणतायत. खेळ बंद पडेल. मी विम्याची नोकरी सोडलीय." त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत त्याची बायको हेदर, सातव्या महिन्याचं पोट टेबलाला लागू नये म्हणून हात लांब करून, पावाला लोणी लावत होती. तिनं मान वर करून लायनेलकडे पाहिलं आणि छानसं हसली. तिला काहीच माहीत नव्हतं.

"छापलं ते घडलं," एड्रियन क्षीण आवाजात म्हणाला.

"मग मी तिला काय सांगू?"

एड्रियननं एक सँडविच पुढे केलं. लायनेलनं ते घेतलं, कारण कुणी काही पुढे केलं की तो घेत असे.

दिवाणखान्यात खुर्च्या गोल लावल्या जात होत्या. मेळाव्याचा मुख्य विधी सुरू होणार होता. पहिल्याच वर्षी कुणीतरी पाव कापायच्या सुरीनं डबा उघडायला गेला आणि सुरी वाकली. ती सुरी फळीवर ठोकून तिचं बक्षीस केलं होतं. वाकडी सुरी. वर्षातल्या सर्वांत सुंदर दग्याला. आणि रीत अशी होती की ती द्यायची दगा खाल्लेल्यानं. स्वतःच्या हातानं, सगळ्यांसमोर. मग दोघांनी एकाच ग्लासातून बिअर प्यायची आणि वैर संपलं. या रिवाजामुळे या खेळात कुणी कुणावर डूख धरत नाही, असं सांगत. निदान मेळाव्यात तरी.

"पाणथळीची राणी!" मॉलनं पुकारा केला.

दारात एक बाई उभी होती. लायनेलच्या डोक्यातली ऑल्वेन बुटकी, गोल, केसांत फुलं माळलेली अशी होती. ही उंच होती, चाळिशीची, आखूड पांढरट केस, अंगात रेनकोट, आणि मोठं चाक फिरवून रुंद झालेले हात. ती सरळ चालत टेबलापाशी गेली, फळी उचलली आणि त्याच्यासमोर येऊन थांबली.

"मला वाटलं होतं तुम्हाला दाढी असेल," ती म्हणाली.

"नाही," लायनेल म्हणाला. त्याला यापेक्षा बरं काही सुचायला हवं होतं.

ती मंडळींकडे वळली. "मी फार बोलत नाही. या गृहस्थांनी मला तीन वर्षं पत्रं लिहिली. मी एकदा लिहिलं की माझ्या गडावरचं मीठ संपलं, तर यांनी उत्तर पाठवलं, आमच्या खाणीत मीठ आहे, चार गाड्या निघाल्यात. आणि गाड्या खरंच आल्या. असा दगा शिजवायला तीन वर्षं लागतात. घ्या."

टाळ्या. लायनेलनं सुरी घेतली. तिचे डोळे लाल नव्हते. उलट चकाकत होते आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"भाषण! भाषण!"

लायनेलनं एड्रियनकडे पाहिलं. एड्रियन भिंतीला टेकला होता आणि त्याच्या तोंडाचा रंग सँडविचमधल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा झाला होता. हेदर हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. सगळे राजे पुढे वाकले होते. डाव कसा रचला, हे त्यांना ऐकायचं होतं. लायनेलकडे साठ माणसं एकाच वेळी कान देऊन बसलीत, असं यापूर्वी झालेलं नव्हतं आणि पुढेही होणार नव्हतं.

"मी सगळे पाठवले," तो म्हणाला. "मागे कुणालाच ठेवलं नाही."

मॉलनं मांडीवर थाप मारली. "वा! सगळेच्या सगळे! म्हणजे दग्यातसुद्धा काटकसर नाही!" आणि दिवाणखाना पुन्हा फुटला. पाद्रीबुवा खुर्चीवरून घसरले. कुणीतरी लायनेलच्या पाठीवर थाप मारली, कुणीतरी ग्लास हातात दिला. त्यानं घोट घेतला, तिनं घेतला. वैर संपलं.

हसली नाही ती फक्त ऑल्वेन.

पाच वाजता तो तिला बसपर्यंत सोडायला निघाला. ती नको म्हणाली नाही. रस्ता मोठमोठ्या गोदामांच्या कडेनं जात होता. लायनेल एकदा तिच्या डावीकडून चाले, एकदा उजवीकडून. फळी कुठल्याच बगलेत नीट बसत नव्हती.

"मागे कुणालाच नाही?" तिनं अचानक विचारलं.

"नाही."

"राजधानीत?"

"रिकामी आहे."

"दारावर तरी कुणी असेल."

"दारावरचे दोघं पण आले होते."

ती थांबली. लायनेलनं मग तिला सगळं सांगितलं. खण, काटा, उणे, मिळवले गेलेले नऊ हजार. एड्रियनचं नाव घ्यावं लागलं, पण त्याची बायको, पोट, विम्याची नोकरी हेही सांगितलं आणि कुणाला बोलू नका म्हणाला. ती ऐकत राहिली. एक बस आली, गेली. ती ब्रेकनची नव्हती.

"बेडूक," ती शेवटी म्हणाली. "मी लिहिलं होतं, आता बेडूक खायची वेळ आलीय. ते गमतीनं होतं हो."

"मला कळलं नाही."

"एवढं कळत नाही तुम्हाला?"

"कळलं असतं तरी आलोच असतो बहुतेक."

ती बाकावर बसली. रेनकोटच्या खिशातून पेपरमिंट काढून एक त्याला दिली, एक स्वतः घेतली. "माझ्या नवऱ्यानं मला फसवलं ना," ती समोर बघत म्हणाली, "तेव्हा त्यानं हॉटेलची पावतीसुद्धा खिशातून काढायचे कष्ट घेतले नव्हते. गुरुवारी तुमचा कागद वाचला, आधी रडले. मग गाडी चालवता चालवता वाटलं, कुणीतरी तीन वर्षं बसून माझा एवढा विचार केला. मिठाच्या गाड्यांपासून. खोटं नाही सांगत, बरं वाटलं मला."

"विचार केलाच होता," लायनेल म्हणाला. "डाव नव्हता, इतकंच."

ऑल्वेननं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काहीतरी हललं. पण तेवढ्यात ब्रेकनची बस आली, ड्रायव्हरनं दार उघडलं आणि मागे रांग ढकलू लागली. ती उठली.

"मी पत्र लिहू का?" लायनेलनं विचारलं.

पायरीवर एक पाय ठेवून ती वळली. "कुणाला?" तिनं विचारलं. "राणी तर मेली." ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती आणि उत्तराची वाट पाहत होती.

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आत किंवा बाहेर." ती आत गेली. पलीकडच्या खिडकीची जागा मिळाली असावी, कारण ती पुन्हा दिसली नाही.

उत्तर अगदी सोपं होतं. ऑल्वेन प्रॉसरला. ते त्याला आगगाडीत, डर्बी मागे पडल्यावर सुचलं.

रविवारी दुपारी तो जेवणाच्या टेबलाशी बसला. 'प्रिय ऑल्वेन' असं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. राणीला तो पानंच्या पानं लिहीत असे. पण या नावापुढे ग्रुंबलचं पेन चालेना, आणि लायनेलचं त्यानं कधी चालवूनच पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच कुणाचं पाकीट फोडल्यासारखं वाटत होतं. तो उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला, पुन्हा उठला.

"बूड टेक एका जागी," डोरीन म्हणाली. "गालिचा झिजतोय. आणि हा विटतो म्हणालास, झिजतो म्हणाला नव्हतास."

त्यानं पत्राचा कागद बाजूला सारला आणि पुढच्या फेरीचा हुकूमनामा ओढला. सैन्याच्या रकान्यांत शून्य, शून्य, शून्य. सम्राट पुढच्या फेरीत रिकाम्या राजधानीत चालत येणार आणि खुंटीवर कोट टांगणार. तशा अवस्थेत बहुतेक राजे कागद कोराच पाठवत. पण नियमाप्रमाणे राजा स्वतः एक माणूस धरला जाई आणि त्याला हुकूम देता येई.

लायनेलनं लिहिलं. राजा ग्रुंबल : एकटा. प्रस्थान : बगळेगड.

डोरीन खांद्यावरून वाचत होती. "तो पडला ना?"

"पडला."

"मग आता तिथं आहे कोण?"

"सांगाडे. नऊ हजार चारशे."

"आणि ती बाई?"

"ती खेळात नाही आता. तिला याचा कागद जाणार नाही."

डोरीननं तोंड उघडलं. तिच्याकडे या प्रसंगासाठी दोन-तीन चांगले टोमणे तयार असणार. ती बटाटे सोलायची त्या वेगानं ते काढत असे. पण तिनं एकही काढला नाही. "कळवलं होतंस का येतो म्हणून?" एवढंच विचारलं.

"कळवलं होतं."

तिनं खणातून तिकीट काढून दिलं. त्यानं ते जिभेला लावून चिकटवलं, कोट चढवला आणि पाकीट घेऊन निघाला. रविवारी टपाल निघत नाही, हे तिनं दारातून ओरडून सांगितलं. तो तोपर्यंत कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी पोचला होता. पाकीट आत टाकून, ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत तो टोपी काढून उभा राहिला.